उलटे हत्ती

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात चिवड्याच्या आधी मशीनच्या तेलाचा वास येतो. ऑक्टोबरचं ऊन एकदाचं निवतं, सकाळी दूध घ्यायला खाली उतरताना हात ओढणीत गुंडाळावेसे वाटतात, कोपऱ्यावरच्या गाडीवर सीताफळं दिसायला लागतात, आणि माझे पाय आपोआप गुलमंडीच्या कापड बाजाराकडं वळतात. नवरा म्हणतो, "निघाली बघ. लोकांना दिवाळीत साड्या आठवतात, हिला चड्ड्या-कुडते आठवतात." म्हणू दे. पोरांचे नाइट ड्रेस शिवण्यात जी मजा आहे, ती माझ्या लग्नातल्या शालूतसुद्धा नव्हती.

आता कुणी म्हणेल, रेडिमेड काय कमी मिळतात का? मिळतात की! अगदी ढिगानं मिळतात. पण त्यांचं कापड दोन धुण्यांत खरखरीत होतं, आणि इलास्टिक पोराच्या पोटावर असा वळ उठवतं की बघवत नाही. घरी शिवायला काय लागतं? जुना पायजमा मापाला, थोडं फ्लॅनेल, नाडी आणि एक दुपार. फॅशनचा प्रश्नच नाही. नाइट ड्रेस बघायला येतंय कोण? एक टाका इकडं गेला काय आणि एक तिकडं, पोर पांघरुणात शिरलं की सगळं झाकलं जातं. मी शिवण शिकले औरंगपुऱ्यातल्या एका क्लासात. आमच्या बाई म्हणायच्या, "तुझी शिलाई सरळ नाही, पण पक्की आहे." माझ्याबद्दल इतकं खरं दुसरं कुणी बोललेलं नाही.

यंदाही मशीन पुसून ठेवलंय. चाकात तेल घातलं, पायडल हलवून बघितलं, कर्रर्र आवाज आला, आणि मला ती दिवाळी आठवली. ईशूची दिवाळी.

ईशू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, वनिताची मुलगी. वनिता नर्स आहे. त्या वर्षी पावसाळ्यात तिला मस्कतच्या एका दवाखान्यात नोकरी लागली आणि ती गेली. ईशूचे बाबा लासूर स्टेशनला आडतीवर कामाला. दिवाळीच्या सुमाराला तिथं मका आणि कापूस नुसता येऊन पडत असतो, माणसाला जेवायला सवड नसते. म्हणून शाळेला सुट्टी लागताच ईशू आमच्याकडं आली. पाच वर्षांची पोर, दोन वेण्या, आणि हातात एक प्लास्टिकची पिशवी. तिच्यात काय आहे ते कुणाला दाखवायची नाही. मला ती पहिल्यापासून फार आवडते. माझा अथर्व तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याला बहीण नाही, त्यामुळं तो खूश. खूश म्हणजे तिला छळायला कुणीतरी मिळालं म्हणून.

घरात ईशू हसायची, भांडायची, माझ्या सासूबाईंच्या मांडीवर बसून शेंगदाणे खायची. पण वनिताचा फोन आला की संपलं. व्हिडिओ सुरू झाला की ही पाठ फिरवायची. "ईशू, बघ आई!" म्हटलं की सोफ्यामागं जायची. फोन मागं नेला की पलंगाखाली. एकदा मी फोन पलंगाखाली धरला तर हिनं फ्रॉकच तोंडावर ओढला. रडणं नाही, ओरडणं नाही. नुसती पाठ. पलीकडून वनिता बोलत राहायची, "पिलू, जेवलीस का? दादा त्रास देतो का?" आणि दोन वेण्यांच्या मधला भांग तिला उत्तर द्यायचा.

एका दुपारी वनिता मला एकटीलाच म्हणाली, "ताई, मी गेले तेव्हा ती झोपलेली होती. उठवलं तर रडंल म्हणून तशीच निघाले गं. आता ती माझं तोंड बघंना. तू मला तिचा एक फोटो पाठव. समोरून. तोंड दिसंल असा. बाकी मला दिवाळीचं काही नको." मी "पाठवते की, त्यात काय" असं तोंडानं म्हटलं खरं. पाच वर्षांच्या पोरीनं आईवर धरलेला राग कसा काढायचा, हे कोणत्या क्लासात शिकवतात?

मला सुचतं ते एकच. कापड आणायचं. दोघा पोरांना एकसारखे नाइट ड्रेस शिवू आणि छान फोटो काढू, असं ठरवून मी ईशूला स्कूटीवर पुढं उभी केली आणि गुलमंडी गाठली. दिवाळीच्या तोंडावर तिथं स्कूटी लावायला जागा मिळणं म्हणजे नशीबच. आकाशकंदील डोक्याला लागत होते, एक बाई मध्येच थांबून रांगोळीचे छाप निवडत होती, आणि कापडवाले चाचा नेहमीसारखे गादीवर बसून चहा ओतत होते. वर्षानुवर्षं मी त्यांच्याकडूनच घेते. ते मला बाजी, म्हणजे ताई, म्हणतात आणि मी घासाघीस करते, असा आमचा घरोबा.

ईशूनं बोट दाखवलं ते एका निळ्या फ्लॅनेलवर. त्यावर छोटे-छोटे पांढरे हत्ती, प्रत्येकाची सोंड वर. हात लावला तर असं मऊ की गाल टेकवावासा वाटावा. पण ताका संपत आलेला.

"बाजी, ये आखरी टुकडा है," चाचा म्हणाले. "इसके बाद हत्ती खतम, मोर चालू."

"चाचा, दो बच्चों का होता क्या इसमें?"

"कायकू नहीं होता? जरा सोच के काटो, बस."

मला मोर चालले असते. ईशूला विचारलं. तिनं हत्तींचा तुकडा छातीशी धरला आणि मान हलवली, नाही. झालं! शेवटचा तुकडा म्हणून चाचांनी भाव पाडला, मी आणखी पाडला, आणि आम्ही हत्ती घरी आणले.

फ्लॅनेल शिवायच्या आधी पाण्यातून काढावं लागतं, नाहीतर पहिल्या धुण्यातच पायजम्याची चड्डी होते. पण आमच्या गल्लीत पाण्याची पाळी अजून यायची होती. टाकीत जेमतेम पाणी, आणि दिवाळीची भांडी वाट बघत असलेली. शेवटी ड्रममधलं बादलीभर काढलं आणि कापड बुडवलं. ईशू बादलीजवळ बसून राहिली. "हत्ती पोहायलेत," म्हणाली. मग तेच पाणी मी बाल्कनीतल्या तुळशीला घातलं. आमच्याकडं पाणी असं एकदाच वापरून सुटत नाही.

कापड वाळलं, फरशीवर पसरलं, आणि माझ्या लक्षात आलं की चाचांचं "कायकू नहीं होता" काही खरं नाही. अथर्वचं माप ठेवलं की ईशूला बाही उरत नव्हती. ईशूचं ठेवलं की अथर्वचा पायजमा गुडघ्यापर्यंत. मी डोक्याला हात लावून बसले. तेवढ्यात सासूबाई आल्या. घरात सगळे त्यांना जीजी म्हणतात. जीजींनी कधी मशीन चालवलं नाही, पण गोधड्या अशा शिवल्यात की नातवंडांच्या लग्नात रुखवतात मांडाव्यात.

"काय करायलीस गं? अशी काय बसलीस?"

"बसत नाही जीजी कापडात. दोघांचं होत नाही."

जीजींनी कमरेवर हात ठेवून कापडाकडं बघितलं. "व्हय तर, कसं बसंल? दोघांची डोकी एकीकडंच ठेवल्यावर खांद्याला खांदा लागतोय. आमच्या घरात एका बाजंवर चार लेकरं झोपायची, ती कशी झोपायची? एकाचं डोकं इकडं, दुसऱ्याचं तिकडं. तसं मांड की. लई जागा होती."

मांडलं. अथर्वचा कुडता वर तोंड करून, ईशूचा खाली तोंड करून. एकाच्या निमुळत्या बाहीशेजारी दुसऱ्याचा घेर नेमका बसला. पायजमेही तसेच. चिंधीसुद्धा उरली नाही! जीजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "बघा, शिकलेल्या बाई!" म्हणाल्या आणि शेंगदाण्याची टरफलं भरून घेऊन गेल्या. मीही लगेच उलट्या बाजूनं खडूनं आखलं आणि कात्री चालवली. उलट्या बाजूनं म्हणजे जिथं हत्ती दिसत नाहीत त्या बाजूनं. तुम्हाला कळलं असेल. मला नाही कळलं.

त्या दोन दिवसांची आठवण म्हणजे नुसते आवाज आणि वास आहेत. मशीनचा खटखट सूर, त्यावर स्वयंपाकघरातून चकलीच्या सोऱ्याचं करकरणं, खाली कुणीतरी आधीच फोडलेला फटाका, आणि जीजींचं "कोण मेलं आत्तापासनं फोडतंय!" नव्या फ्लॅनेलला एक दुधासारखा वास येतो. ईशू मशीनखाली बसायची, माझ्या पायांशी, आणि गळून पडलेले दोरे त्या तिच्या पिशवीत भरायची. पोरं बोलत नाहीत तेव्हा ती नुसती शेजारी बसतात. आपण मोठी माणसं तेवढंही करत नाही.

मधल्या वेळात फोटोंचे प्रयोग चालले होते. मी काही फोटोग्राफर नाही. फोनवर लोकांचं बघायचं आणि घरी करायचं. पिठाच्या चाळणीसमोर टॉर्च धरला की भिंतीवर ठिपकेच ठिपके पडतात, त्या ठिपक्यांत अथर्वला उभं केलं. तो देवीच्या रोग्यासारखा दिसला. स्टीलच्या डब्याच्या पोटात कंदिलाचं प्रतिबिंब घेतलं, त्यात नवऱ्याचं टक्कलही आलं. चकल्यांचा मनोरा रचून त्यामागून पोरांची डोकी, अशी एक कल्पना होती. पण फोकस होईपर्यंत मनोरा खाऊन झाला. हसून-हसून पोट दुखायचं. ईशूही हसायची, उड्या मारायची, आणि मी फोन तिच्याकडं वळवला की पाठ. तिला बरोबर कळत होतं की फोनच्या आत कोण आहे. माझ्या फोनमध्ये त्या दिवाळीचे किती फोटो आहेत, आणि प्रत्येकात त्याच दोन वेण्या मागून. ते वनिताला पाठवायची माझी हिंमत झाली नाही.

पहिल्या अंघोळीच्या आदल्या दिवशी सकाळी ड्रेस तयार झाले. अथर्वनं घातला. झकास! निळ्या पोटावर पांढरे हत्ती, सोंडा वर. मग ईशू आतून घालून आली आणि दारात उभी राहिली. मी बघितलं. नवऱ्यानं चहाचा कप खाली ठेवला.

तिचे सगळे हत्ती डोक्यावर उभे होते. पाय वर, सोंडा खाली. कुडत्यावर, बाह्यांवर, पायजम्यावर, एकूण एक हत्ती उलटा.

"शीर्षासन!" अथर्व ओरडला. "ईशूचे हत्ती शीर्षासन करायलेत! ईशूचे हत्ती पडले!" आणि जमिनीवर गडाबडा लोळायला लागला. नवरा तोंड फिरवून हसत होता. जीजी म्हणाल्या, "अगं बाई! हत्तींना पण डोकं-पाय असतंय व्हय. गोधडीला कुठं असतं!" मला हसावं की रडावं कळेना. कापड तर उरलंच नव्हतं. मी म्हटलं, "ईशू, काढ बाळा, मी उसवून बघते काहीतरी." आणि मला खात्री होती की ही आता भोकाड पसरणार. घरात तिचा आईवरचा एक रुसवा कमी होता म्हणून आता हा दुसरा.

ईशू रडली नाही. तिनं हनुवटी छातीला लावून आपल्या पोटाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग एक बाही डोळ्यांसमोर धरली. मग बसली, पाय लांब केले आणि पायजम्याकडं बघितलं.

"मावशी, हे उलटे नाहीत," ती म्हणाली. "हे माझ्याकडंच बघायलेत."

अथर्वनंही आपल्या पोटाकडं वाकून बघितलं. त्याला त्याचे हत्ती उलटे दिसत होते! म्हणजे खरंच की. कपड्यावरचं चित्र आपण नेहमी लोकांसाठी शिवतो. ज्यानं घातलंय त्याला ते जन्मात सरळ दिसत नाही. घातलेल्याला सरळ दिसणारे हत्ती साऱ्या औरंगाबादेत, म्हणजे आता संभाजीनगरात, एकट्या ईशूकडं होते. तिनं दोन्ही हातांनी कुडता घट्ट धरला. "उसवू नको," म्हणाली. "दादाचे उसव."

अथर्व हार मानणारा नाही. "पण फोटोत ते उलटेच येणार! सगळे हसतील. मावशी पण हसंल." तो वनितालाच मावशी म्हणाला होता. घरात तिचं नाव कुणी असं सहज घेत नव्हतं. मी त्याला डोळे वटारणार तेवढ्यात ईशू म्हणाली, "आईला सरळ दिसायला पायजेत ना? मग मी उलटी झोपते."

आई. इतक्या दिवसांत तिच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा आला. मी लगेच चादर काढायला कपाटाकडं वळले. बोलले असते तर ती परत पलंगाखाली गेली असती.

मग काय, धावपळ! हॉलमध्ये गडद निळी चादर अंथरली, ते आकाश. जीजींनी वातींचा कापूस दिला, त्याचे ढग केले. कंदिलाचा उरलेला कागद कापून चांदण्या, आणि मध्ये झेंडूच्या पाकळ्या, कारण जीजी म्हणाल्या की सणाचं आकाश आहे, फुलांशिवाय बरं दिसत नाही. बाल्कनीचं दार उघडून कोवळं ऊन आत घेतलं. मी स्टुलावर चढले, नवऱ्यानं स्टूल धरलं आणि "पडलीस तर दिवाळी दवाखान्यात" अशी शुभेच्छा दिली. अथर्व आकाशात आडवा झाला, डोकं वर. आणि त्याच्या शेजारी ईशू, डोकं खाली, पाय वर. एका बाजेवर चार लेकरं झोपवायची जीजींची रीत, अगदी तशीच.

ती उताणी झोपली होती. वेण्या ढगांवर पसरल्या होत्या. मी स्टुलावरून फोन खाली धरला, आणि फोनमध्ये ती मला समोरून दिसत होती. पूर्ण चेहरा. नाक, कपाळ, पडलेल्या दाताची खिडकी. तिनं पाठ फिरवली नाही. ती म्हणाली, "मावशी, हत्ती सरळ आलेत का?"

"आलेत बाळा."

"मग काढ की!"

फोटो पाठवला. वनिताची ड्युटी होती, निळी खूण काही येईना. आम्ही तिळाच्या तेलाच्या वाट्या काढल्या, उटणं भिजवून बघितलं, जेवलो. ईशू तो ड्रेस काढायला तयार नव्हती. मी भांडी लावताना तिनं येऊन विचारलं, "बघितला का?" अगदी सहज, जसं काही दूधवाला आला का विचारावं. थोड्या वेळानं परत. "बघितला का?" नाही गं अजून. ती फोनच्या जवळ बसली. फोनकडं न बघता, पण जवळ.

चार वाजायच्या सुमाराला फोन वाजला. व्हिडिओ. मी उचलला, आणि पडद्यावर आधी काही कळेच ना. वर छत, खाली लोंबणारे केस, मध्ये एक उलटं तोंड. वनिता तिच्या खोलीतल्या कॉटवरून डोकं खाली सोडून लटकली होती. ड्युटीचा निळा ड्रेससुद्धा बदललेला नव्हता.

"अहो, कुणी आहे का तिकडं?" ती म्हणाली. "मला एक मुलगी उलटी दिसायली होती. म्हटलं आपणच उलटं व्हावं."

ईशू पाय दुमडून बसलेली होती. तिनं मान वळवली. सोफ्याकडं नाही, पलंगाकडं नाही. फोनकडं. बघितलं, आणि हळूच माझ्या हातातून फोन घेऊन उलटा केला.

"आता सरळ झाली," ती मला म्हणाली. मग फोनला म्हणाली, "आई, तुझे केस वर चाललेत!" आणि अशी खदखदून हसली, की तशी ती त्या सुट्टीत एकदाही हसली नव्हती. वनिता हसत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी कपाळाकडं वाहत होतं. मग ईशूनं हत्ती दाखवले, अथर्वची तक्रार केली, पिशवी आणून त्यातले दोरे एकेक दाखवले. पिशवीत तळाशी वनिताचा एक जुना रुमाल होता, तोही दाखवला. आणि मग विचारलं, "तू मला न सांगता का गेलीस?"

वनितानं कारणं सांगितली नाहीत. "चुकलं माझं, पिलू," म्हणाली. तेव्हा मात्र ईशूनं भोकाड पसरलं. इतक्या दिवसांचं सगळं एकदम. पण तोंड फोनकडं करून रडली. जीजी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, दाराशी थांबल्या आणि पदर डोळ्यांना लावून परत आत गेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे तेल लावताना ईशू मला म्हणाली, "आज पण फोन लाव." मी म्हटलं, "लावते की गं राणी." आणि तिच्या डोक्यावर जरा जास्तच तेल ओतलं गेलं.

वनिता यंदा कायमची परत आली. आता इथंच एका दवाखान्यात आहे. परवा दोघी आमच्याकडं राहायला आल्या. बॅग रिकामी करताना कपड्यांच्या घडीतून तो फोटो निघाला, छापून घेतलेला, चारही बाजूंना चिकटपट्टीचे डाग. मी म्हटलं, "वर-खाली दोन्हीकडं डाग कसे गं?"

"कॉटशेजारी भिंतीवर होता," वनिता म्हणाली. "कधी हत्ती सरळ लावायची, कधी ईशू सरळ. ज्या दिवशी लई आठवण यायची त्या दिवशी ईशू सरळ."

मी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

आत्ता हॉलमध्ये कापड पसरलेलं आहे. चाचांकडून यंदा ससे मिळाले, आणि यंदा भरपूर कापड आहे, मुद्दाम जास्त घेतलं. जीजी खुर्चीतून देखरेख करतायत. वनितानं आयुष्यात कधी शिवण केलं नाही, पण आज कात्री तिच्या हातात आहे. खडूनं आखणार मी, कापणार ती. कात्री उघडून ती थांबली आणि म्हणाली, "ताई, कापड तर भरपूर आहे. डोकं कुणीकडं ठेवायचं हिचं?"

ईशू आता मोठी झालीय, तिसरीत जाते, दोन वेण्यांची एक झालीय. ती आईच्या पाठीवर रेलून बसली होती. तिनं वाकून ससे बघितले.

"उलटं काप," ती म्हणाली. "लोकांना कसे का दिसंनात. आईच्या मांडीत बसले की मला आणि आईला सरळ दिसायला पायजेत."

मी खडू फिरवला, आणि वनितानं कात्री चालवली.